हरचंदसिंगांची काळी गाजरं

माझ्या डोक्यावर हरचंदसिंगांची गाजरं होती. जालंधरच्या आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर मी, शेजारी ते नवरा-बायको, आणि गच्चीत त्यांनी मांडलेले रंगाचे रिकामे डबे. डब्यांतलं पाणी झिरपून माझ्या स्वयंपाकघराचं छत फुगलं, तरी मी गप्प बसले. कारण ती गाजरं त्यांच्या बायकोसाठी, धनकौरसाठी होती.

धनकौरला अर्धांगवायू झाला, म्हणून डॉक्टर जवळ असावा यासाठी दोघं गाव सोडून इथं आली. एक हात, एक पाय गेला आणि जेवणावरची वासनाच उडाली. ताट पुढे आलं की तोंड फिरवायची. मागितलं एकच, काळ्या गाजरांची कांजी, राई घालून उन्हात आंबवलेली. बाजारच्या गाजरांची करून दिली, तर एका घोटात पेला बाजूला सारला.

"हे रंगाचं पाणी आहे. घरची गाजरं आणा."

"आणतो की! जन्मभर शेतीच केलीय," हरचंदसिंग म्हणाले.

केली होती खरी, पण गव्हाची आणि भाताची. पहिलं बी त्यांनी गव्हासारखं खोल पुरलं, ते वर आलंच नाही. मग बियाणेवाल्याला विचारलं, गुरुद्वाऱ्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या. दुसऱ्यांदा बी घमेल्यात पेरलं. ते उगवलं, तेव्हा या गृहस्थांनी डब्यांत चिखल कालवला आणि कोवळी रोपं उपटून भाताच्या लावणीसारखी एकेक खोचली.

"तायाजी, गाजर असं लावतात?" मी विचारलं.

"पुत्तर, तू तुझं छत सांभाळ. लावणी मला शिकवतेस?"

पाला मात्र असा माजला, की ते रोज खाली येऊन बायकोला त्याची उंची सांगायचे. तिचा चेहरा खुलायचा. मला म्हणाली, "राई कुटून ठेव गं." मी मूर्खासारखी कुटून ठेवली.

फेब्रुवारीत गाजरं उपटली. एकाला तीन पाय, एकाला पाच, बाकीची करंगळीएवढी आणि लाकडासारखी.

"डबेच बेकार! शहराची मातीच नासकी!" हरचंदसिंगांनी एका डब्याला लाथ घातली. नाचता येईना अंगण वाकडं! माझा संताप संताप झाला. पाच महिने छत गळलं ते यासाठी?

परातीत घालून ती गाजरं शेवटी त्यांनी धनकौरपुढे ठेवली. चांगल्या हातानं तिनं एक उचलून पाहिलं.

"उपटून लावलीत?"

त्यांनी मान डोलावली.

"अहो, गाजर जिथं पेरलं तिथंच वाढू द्यायचं असतं. हलवलं की मुळाला फाटे फुटतात. आपल्या बांधावर इतकी वर्षं गाजरं कोण पेरत होतं?"

पेरायची धनकौरच. दर हिवाळ्यात हरचंदसिंगांनी ती फक्त खाल्ली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"गावभर विचारत फिरलात. मला का नाही विचारलं?"

"तू आजारी होतीस..."

"हात गेलाय माझा. अक्कल नाही गेली."

खिडकीतून येणारं ऊन आता तापू लागलं होतं. पेरणीचा हंगाम केव्हाच सरला होता. हरचंदसिंगांनी हळूच विचारलं, "मग... कशी पेरायची?"

"आता विचारताय?" म्हणत तिनं गाजर परातीत टाकलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.