दोन दिव्यांपर्यंतच

टेलिफोन एक्स्चेंजच्या तळमजल्यावर एक खोली होती, तिथे जायचं म्हटलं की बाकीचे लोक नाक मुरडायचे. आम्लाचा वास, लाकडी फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या माणसाच्या कमरेएवढ्या बॅटऱ्या, आणि त्यांच्यामधून रबरी बूट घालून फिरणारा हा एकटा माणूस. चौतीस वर्षं! वीज गेली की सगळ्या शहराचे फोन या बॅटऱ्यांवर चालायचे, आणि याच्या कारकिर्दीत शहराचा फोन एकदाही मुका झाला नाही. का, तर याचं एकच म्हणणं होतं: बॅटरी कायम भरलेली पाहिजे. जरा खाली आली की भर. उद्याचं उद्या बघू, हे त्याच्या खोलीत चालायचं नाही. एक्स्चेंजमधले लोक त्याला फुलचार्ज म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

निवृत्त झाल्यावर बॅटरीची खोली सुटली, पण खोड काही सुटली नाही. घरातली विजेरी, मोबाइल, दाढीचं मशीन, सगळं सदा भरलेलं. पाहुणा दारात चपला काढत असताना हा विचारायचा, "फोन किती टक्के आहे तुमचा? द्या इकडे." बायको म्हणायची, "अहो, मी पण दमलेय, मलाही लावा एकदा चार्जिंगला." त्यावर हा मनापासून हसायचा आणि हसता हसता तिचाच फोन उचलून चार्जरला लावायचा.

दोघांना एकच मुलगी. लहानपणी वर्गात सगळ्यांत ठेंगणी, म्हणून बुटकी. पुढे ती बापापेक्षा चार बोटं उंच झाली, तरी नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. ही बुटकी ड्रोन उडवायची. विजेचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची छपरं, जिथे माणूस चढवायचा म्हणजे जिवाशी खेळ, तिथे तिचा ड्रोन जायचा आणि कुठे तडा गेलाय, कुठे गंज चढलाय, त्याचे फोटो काढून आणायचा. तीन वर्षं तिनं दुसऱ्याचा ड्रोन उडवला. एकतिसाव्या वर्षी स्वतःचा घेतला. खोकं घरी आलं त्या दिवशी तिनं जेवणसुद्धा उभ्या उभ्या उरकलं.

ड्रोनबरोबर तीन नव्या बॅटऱ्या होत्या, साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढ्या. फुलचार्जनं एक उचलली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"मेलेली दिलीय की गं तुला!" तो ओरडला. "दुकानदारानं टोपी घातली."

"मेलेली नाही रे बाबा, झोपलीय. नवीन बॅटरी झोपवूनच पाठवतात. एकदा चार्जरला लावली की जागी होते."

तिनं लावली, आणि खरंच बॅटरीच्या अंगावरच्या चार बारक्या हिरव्या दिव्यांपैकी पहिला लुकलुकायला लागला. फुलचार्ज खुर्ची ओढून समोरच बसला. दुसरा दिवा लागला तशी तिनं बॅटरी काढून घेतली.

"अगं, निम्मीच झाली!"

"निम्मीच ठेवायची. उडवायच्या आदल्या दिवशी भरायची. एरवी दोन दिवे, आणि गार जागेत. भरून ठेवली तर आतून खराब होते."

"मला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बॅटऱ्या सांभाळतोय मी."

"तुझ्या त्या शिशाच्या होत्या. ही जात वेगळी आहे, बाबा." मग तिनं त्याच्या नाकासमोर दोन बोटं धरली. "किती दिवे?"

"दोन, माझे आई, दोन."

म्हणाला, पण पटलं नाही. अर्ध्या पोटी कुणाला झोपवतात का, असं तो नंतर बायकोजवळ पुटपुटलाच.

पहिलं काम ठरलं होतं एका पाण्याच्या टाकीचं, पुढच्या सोमवारी. त्याआधीच्या गुरुवारी बुटकीला ताप आला. ताप उतरेना, हातापायांवर निळे डाग दिसायला लागले, आणि रक्त तपासणाऱ्या बाईंनी रिपोर्ट हातात न देता "डॉक्टरांशीच बोला" म्हटलं, तेव्हा तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. रक्ताचाच आजार निघाला. मोठं हॉस्पिटल बसनं दीड तासावर. बायको तिथे मुलीजवळ राहिली. हा घर सांभाळायचा आणि एक दिवसाआड डबा आणि धुतलेले कपडे घेऊन जायचा. ड्रोन खोक्यातच राहिला. एकदाही उडाला नाही.

घरातून निघताना बुटकीनं तिन्ही बॅटऱ्या बापाच्या हातात ठेवल्या होत्या. "तुझ्याकडे देतेय. दोन दिवे."

आता या माणसाचं काय चुकलं ते नीट सांगायला हवं, कारण माणूस मूर्ख नव्हता. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक पुढच्या आठवड्यात सोडू." झालं! हा घरी आला आणि त्यानं तिन्ही बॅटऱ्या चार दिव्यांपर्यंत भरल्या. पोरगी येणार, आल्या आल्या उडवायचं म्हणणार, आणि आपण काय अर्ध्या बॅटऱ्या हातात द्यायच्या? तो आठवडा गेला, सोडलं नाही. दहा-बारा दिवसांनी यानं बटण दाबून पाहिलं, तर दिवे दोनच. गळतेय! एक्स्चेंजमध्ये आपोआप उतरणारी बॅटरी म्हणजे शेवटाला आलेली बॅटरी. त्याला काय माहीत, की ही जात शहाणी असते. कुणी भरून ठेवून विसरलं, तर ती आपली आपण हळूहळू निम्म्यावर येऊन निजते. यानं तिला परत चारवर नेलं. ती परत उतरली, यानं परत भरली. बरं, ठेवल्या कुठे? तर माळ्यावर, तापलेल्या स्लॅबला लागून, कारण त्याच्या खोलीत ओल हा बॅटरीचा वैरी होता. डॉक्टर पुढचा आठवडा, पुढचा आठवडा म्हणत राहिले आणि हा भरत राहिला. पाच महिने.

हॉस्पिटलात बुटकी विचारायची. केस गेलेले, ओठ सुकलेले, पण आठवणीनं विचारायची, "किती दिवे, बाबा?" हा दोन बोटं वर करायचा. तिला बरं वाटायचं, ती डोळे मिटायची. पोटच्या पोरीशी आपण खोटं बोलतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण चार दिवे म्हणजे ती उद्या येणार. दोनवर ठेवायच्या म्हणजे ती इतक्यात काही येत नाही, असं आपल्या तोंडानं कबूल करायचं. ते त्याच्याच्यानं होईना.

शेवटी एक दिवस डॉक्टर म्हणाले, "घरी घेऊन जा. तिला आवडेल ते करू दे." फुलचार्जनं तिथल्या तिथे टॅक्सीवाल्याला फोन लावला, इतका आनंद. बायको मात्र खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ हलत होती, ते यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी बुटकी म्हणाली, "आज उडवू या. एकदाच. माझा मी उडवलेला नाही अजून." घरामागे मोकळं मैदान होतं, कडेला नळाचा कट्टा. आईनं प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली, उशी ठेवली. फुलचार्ज माळ्यावर चढला. बॅटऱ्या काढताना एकीची कड बोटाला फुगीर लागली. पण आता पोरगी खाली तयार बसलीय. त्यानं तिन्ही तशाच पिशवीत घातल्या. नवीन आहेत, चालतील, असं स्वतःला बजावत तो मैदानात आला.

बुटकीनं पहिली बॅटरी डोळ्यांसमोर आडवी धरली. दोन्ही बाजूंनी पोट सुटलेलं, कवचाचा सांधा उकललेला.

"दुसरी दाखव," ती म्हणाली. "हळू. दाबू नकोस."

दुसरीही तशीच. तिसरी तर सगळ्यांत वाईट.

"बाबा, किती दिवे होते?"

बायकोकडे बघून उपयोग नव्हता, जमिनीकडे बघूनही नव्हता. त्यानं हात वर केला आणि चार बोटं दाखवली.

बुटकी रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर याला सोसलं असतं. तिनं फक्त सांगितलं, "कोरड्या वाळूच्या बादलीत ठेव, घरापासून लांब. पेट घेतात अशा." हा बादली घेऊन गेला, बॅटऱ्या ठेवल्या, परत आला. तोवर तिनं मांडीवरचा रिमोट चालू केला होता. 'जोडणी नाही, जोडणी नाही' असं त्यावर येत होतं.

"ड्रोन उचल," ती म्हणाली.

"बॅटरीशिवाय?"

"तू आहेस ना. तू तर कायम फुलचार्ज."

सहासष्ट वर्षांचा बाप, डावा गुडघा दुखरा, त्यानं ड्रोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. बुटकीनं रिमोटची काडी पुढे केली. "पुढे." तो पुढे गेला. "डावीकडे. वेगात!" तो पळाला. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमधून माणसं बघायला लागली, बघेनात का. "उंच. अजून उंच." तो धापा टाकत नळाच्या कट्ट्यावर चढला आणि टाचा उचलून उभा राहिला. "दिसतोय का तडा?" तिनं विचारलं. "दिसतोय, मॅडम!" तो वरून ओरडला. "टाकीला उजव्या अंगाला, हातभर लांब!" बुटकी हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा पोट धरून हसली, आई पदरानं डोळे पुसत हसली, आणि हा कट्ट्यावर उभा राहून रडत होता, ते बरं झालं लांबून दिसलं नाही.

मग ती दमली. तिनं अंगठ्यानं ड्रोनला परत बोलावण्याचं बटण दाबलं आणि हळू म्हणाली, "घरी परत." तो उतरून तिच्यापुढे आला, गुडघे टेकले, ड्रोन तिच्या मांडीवर ठेवला.

"मी ऐकलं नाही गं तुझं."

"नाही ऐकलंस," ती म्हणाली. ड्रोनवर हात फिरवत म्हणाली, "पण उडतोस चांगला."

त्याच दिवशी दुपारी त्यानं दुकानात फोन करून नवी बॅटरी मागवली. "लवकर पाठवा हो, फार लवकर," असं तीनदा सांगितलं. दुकानदार म्हणाला, तीन आठवडे लागतील. बुटकी सोळाव्या दिवशी गेली, सकाळी अकरा वाजता, आई उशी सरळ करत असताना.

बॅटरी आली ती नंतर. आठवडाभर पुडकं टेबलावर तसंच पडून होतं. मग एका दुपारी त्यानं ते फोडलं, बॅटरी काढली, बटण दाबलं. दिवा लागला नाही. झोपलेली होती. त्यानं ती चार्जरला लावली आणि खुर्ची ओढून समोर बसला, तिच्या तारेवर हात ठेवून. पहिला दिवा लुकलुकला, स्थिर झाला. बऱ्याच वेळानं दुसरा लागला. त्यानं तत्क्षणी पिन ओढली. बॅटरी पुसली, आणि कपाटातल्या सगळ्यांत खालच्या गार खणात, बुटकीच्या सुती कपड्यांमध्ये ठेवली.

बायको हात पुसत दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"ऐकलंत शेवटी तिचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

त्यानं खण लावला. तिथेच जमिनीवर बसला.

"आता ती उद्या येणार नाहीये ना," तो म्हणाला.