रोवणीचा सूर आणि ट्रकची बॅटरी

पत्र आलं तेव्हा लॅबमध्ये बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. शिपायाने ते माझ्या टेबलावर ठेवलं. मुंबईचा शिक्का होता. मी उभ्याउभ्याच फोडलं.

"कु. लांजेवार यांस, आपली टेप मिळाली. काल स्टुडिओत बायकांच्या गाण्याखाली लावून पाहिली. टेप बेसूर आहे. गंमत म्हणजे शेवटाकडे ती जुळल्यासारखी वाटते, पण तोवर ऐकवत नाही. तीन आठवड्यांत दुसरी टेप आली तर पाहू. नाहीतर आमच्याकडे सतारीची तयार टेप आहे, ती वापरू."

खाली सही होती, कर्णिक. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि एका मुलीचं रीडिंग तपासायला गेले. तिला तोच प्रश्न मी तीनदा विचारला, असं तिने नंतर सांगितलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साकोलीच्या एका कॉलेजात मी फिजिक्सची लॅब असिस्टंट होते. वडील शाळामास्तर, घरी हार्मोनियम. त्यामुळे सूर कानात लहानपणापासून होता. लॅबमध्ये ऑसिलेटर होता. ऑसिलेटर म्हणजे एकच सलग आवाज देणारं सर्किट. नॉब फिरवला की आवाज उंच किंवा खाली जातो. मुलं त्याच्यावर प्रॅक्टिकल करायची. मला त्यात गाणं ऐकू यायचं. जुन्या रेडिओंचे ट्रान्झिस्टर काढून मी बिस्किटांच्या डब्यांत माझे तीन ऑसिलेटर बांधले. त्यांचे आवाज लॅबच्या स्पूल टेपरेकॉर्डरवर भरायचे, टेप ब्लेडने कापायची, तुकडे चिकटवून जोडायचे. अशी मी रचना करत असे. याला संगीत म्हणणारी साकोलीत तरी मी एकटीच होते.

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात मी एक रचना लावून ठेवली होती. लोक सभ्यपणे थांबत आणि पुढच्या टेबलाकडे जात. एक गृहस्थ तेवढे थांबले. ते कर्णिक. भाताच्या लावणीवर, म्हणजे आमच्याकडच्या रोवणीवर, ते माहितीपट करत होते. आसगावला त्यांनी आठ बायकांचं रोवणीचं गाणं टेप केलं होतं. त्या गाण्याखाली चार मिनिटांचं काहीतरी नवं त्यांना हवं होतं.

"हे चालेल मला," ते म्हणाले.

"टायटलमध्ये काय लिहाल?" मी विचारलं.

"ध्वनिपरिणाम."

"म्हणजे?"

"दार वाजणं, ढग गडगडणं, हे जे असतं ते."

"मी संगीत करणार आहे."

"आधी करा. मग बघू."

गाण्याची एक कॉपी त्यांनी मला दिली. त्यावर दीड महिना काम करून मी टेप पाठवली होती, आणि त्याचं उत्तर हे असं आलं होतं.

पहिले दोन दिवस मी धरून चालले की माझा कानच कच्चा आहे. हे कोणाला सांगणार? शेवटी विभागप्रमुख ठवरे सरांना पत्र दाखवलं. सर कमी बोलत. गाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"बेसूर म्हणजे किती?"

"किती म्हणजे?"

"मोजलं का?"

मोजलं नव्हतं. फिजिक्सच्या लॅबमध्ये पाच वर्षं काढून मी मोजलं नव्हतं.

मग मी कपाटातून ट्यूनिंग फोर्क काढला. हा स्टीलचा दोन पायांचा काटा. रबरावर आपटला की दर वेळी तोच ठरलेला सूर देतो, त्यात बदल नाही. दुपारी तीनला काट्याचा सूर टेप केला. लगेच वाजवून पाहिला. बरोबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीच टेप लावली आणि शेजारी काटा वाजवला. टेपमधला सूर वर गेला होता. फार नाही, पण दोन सूर एकमेकांना घासत होते. ऐकून माझ्या दातांत कळ गेली, आणि त्याच क्षणी डोक्यावरचं ओझंही उतरलं. काटा चुकत नाही. चूक रेकॉर्डरची होती.

त्याचं असं होतं. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलते. आमच्या रेकॉर्डरची मोटर त्याच तालावर फिरायची. त्या काळी विजेची टंचाई. दुपारी सगळीकडे मोटरपंप आणि गिरण्या चालू झाल्या की पन्नासाचे अठ्ठेचाळीस व्हायचे. मोटर हळू, टेप हळू. हळू चालीने भरलेली टेप नीट चालीने वाजवली की सूर चढतो. मी बायकांच्या गाण्याचं पहिलं कडवं सकाळी कॉलेजआधी ऐकून त्यावर ऑसिलेटर जुळवत असे, आणि टेप दुपारी लॅब रिकामी झाल्यावर भरत असे. लगेच ऐकलं तर भरण्याची आणि ऐकण्याची चाल एकच, म्हणून चूक कळायची नाही. ती मुंबईला पोचल्यावरच कळली.

"स्टॅबिलायझर लावा," ठवरे सर म्हणाले.

लावला. त्याने विजेचा दाब सावरला, पण पन्नासाचा हिशेब त्याच्या हातात नव्हता. सकाळी टेप भरावी तर सकाळचाही भरवसा नाही. दोन दिवस काट्याने तपासलं. एक दिवस बरोबर, दुसऱ्या दिवशी खाली.

सर खिडकीतून विजेच्या तारांकडे बघत होते. म्हणाले, "मग आपली वीज आपणच करू."

बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. तिला सेकंदाला बरोबर पन्नास वेळा उलटसुलट करणाऱ्या सर्किटला इन्व्हर्टर म्हणतात. हल्ली दुकानात मिळतं, तेव्हा बांधावं लागे. ट्रान्सफॉर्मर लॅबमध्ये होता, दोन मोठे ट्रान्झिस्टर सरांनी नागपूरहून मागवले. सर्किट बांधण्यात आणि ट्रान्झिस्टरची वाट बघण्यात आठवडा गेला. रेकॉर्डर ओढेल अशी बॅटरी मात्र नव्हती. ती फक्त ट्रकला असते. म्हणून गुरुवारी मी लाखनीला गेले.

हायवेवर नथ्थूभाऊंचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ते एका बॅटरीत पाणी भरत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "कोणती गाडी आहे?"

"गाडी नाही. टेपरेकॉर्डर चालवायचा आहे."

आता त्यांनी वर पाहिलं. "टेपरेकॉर्डरले ट्रकची बॅटरी? कायले?"

मी सगळं सांगितलं. पन्नास, अठ्ठेचाळीस, मुंबई, बेसूर. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही, पण ऐकत होते.

"म्हणजे आपल्याकडची लाइन खराब म्हणून तुमचं गाणं खराब झालं, आन् ते तुमाले बोलून राहिले."

"हो."

"हे बरोबर नाही." त्यांनी कोपऱ्यातली एक बॅटरी फडक्याने पुसली. "ही फुल चार्ज आहे. सोमवारी सकाळी जबलपूरच्या ट्रकात लागन. तवरी वापस पायजे."

एसटीत ॲसिडची बॅटरी घेत नाहीत. नथ्थूभाऊंनी ती साकोलीकडे निघालेल्या एका ट्रकवर चढवली. मी बसने कॉलेजात पोचले तेव्हा बॅटरी माझ्याआधी लॅबच्या दारात येऊन बसली होती.

शुक्रवारी इन्व्हर्टर लावला. टेप सेकंदाला साडेसात इंच सरकायला हवी. मोजपट्टीने टेपवर दोन खुणा केल्या, स्टॉपवॉच लावलं आणि वेळ जमेपर्यंत इन्व्हर्टरचा स्क्रू फिरवला. मग बायकांचं गाणं लावलं आणि ऑसिलेटर शेजारी चालू ठेवला. पहिलं कडवं तंतोतंत जुळलं. सरांना गाण्यातलं कळत नव्हतं, तरी तेही खुर्चीत सरसावून बसले.

तिसऱ्या कडव्याला सूर सुटला. सहाव्याला पार लांब गेला.

बॅटरी उतरली असेल म्हणून स्टॉपवॉच लावलं. चाल बरोबर. काटा वाजवला. ऑसिलेटरही बरोबर. आता संशय घ्यायला एकच जागा उरली होती. बायका हळूहळू वर चढत होत्या. चार मिनिटांत जवळजवळ अर्धा स्वर. कर्णिकांच्या पत्रातल्या वाक्याचा अर्थ तेव्हा लागला. माझी टेप मुळातच चढलेली, आणि बायका शेवटी तिच्यापर्यंत पोचत होत्या.

पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंक कॉल लावला. दीड तासाने लागला.

"बायकांचा सूर कडव्याकडव्याला चढतो आहे," मी म्हटलं.

"मग पहिलंच कडवं ठेवू," कर्णिक म्हणाले. "बाकीचं कापतो."

"बाकीचं कापलं तर गाणं काय राहिलं?"

"बाई, मला फिल्म पुरी करायची आहे."

"माझं पार्सल सोमवारी निघेल. तोवर कापू नका."

"सोमवारी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी मी काय पाठवणार होते, मलाच माहीत नव्हतं. शनिवारी दोन एसट्या बदलून आसगावला गेले. गाण्यात पुढे गाणाऱ्या बाईंचं नाव गिरजाबाई, एवढंच कर्णिकांनी सांगितलं होतं. धानाची कापणी चालू होती. गिरजाबाई बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सापडल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, डोक्याला फडकं बांधलेल्या. मी फिल्मवाल्यांकडची म्हटल्यावर त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसल्या.

"बाई, तुमचा सूर गाता गाता वर जाते. ठाऊक आहे का तुमाले?"

"मले कायचं ठाऊक?" त्या म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "पयल्या ओळीले आंग जड राहते. पाय गाऱ्यात, कंबर वाकलेली, आवाज निंघतच नाही. मंग हात चालाले लागते. हात चालाले लागला का गाणं बी चालाले लागते. आता ते वर जाते का खाली, हे कोण पाह्यते?"

"मुंबईवाले म्हणतात, पयलं कडवं ठेवतो, बाकीचं कापतो."

"कापाले ते का धान आहे?"

शेजारच्या बायका हसल्या. गिरजाबाई हसल्या नाहीत.

"पोरी, तू काय वाजवतं आमच्या खाली? पेटी?"

"नाही. मशीन आहे. आवाज काढते."

"पेटी तर जागची हालत नाही. तुह्या मशीनले आमच्यासंग चालता येते का?"

माझी बोटं आपोआप नॉब फिरवल्यासारखी हलली. हार्मोनियमच्या पट्ट्या ठरलेल्या. दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. ऑसिलेटरला पट्ट्याच नव्हत्या, नुसता नॉब होता. तो केसाएवढा फिरवला तर सूर केसाएवढा सरकतो. हे यंत्र मी स्वतः बांधलं होतं आणि दीड महिना त्याला हार्मोनियमसारखं एका जागी खिळवून ठेवलं होतं.

"येते," मी म्हटलं.

"मंग चालव ना. बसली काहून?"

त्या उठून कापणीला गेल्या. मी पळत एसटी गाठली.

रविवारी कॉलेज बंद. ठवरे सरांनी लॅब उघडून दिली आणि जायला निघाले.

"सर, थांबाल का? ऑसिलेटर तीन आहेत, हात दोन."

"मला गाण्यातलं काही कळत नाही."

"घड्याळातलं कळतं ना?"

एकेक कडवं ऐकून मी तिन्ही नॉबच्या कडेला पेन्सिलीने खुणा केल्या, आठ कडव्यांच्या आठ. रेकॉर्डर एकच, टेप भरताना त्यावर बायकांचं गाणं ऐकता येणार नव्हतं, म्हणून सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सेकंदकाट्याकडे बघत त्यांनी सर्वांत खालच्या सुराचा नॉब एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत न्यायचा, बाकीचे दोन माझ्याकडे. पहिल्यांदा सर पुढे पळाले. दुसऱ्यांदा मी चुकले. चौथ्यांदा शेजारच्या देवळात घंटा वाजली आणि ती टेपमध्ये आली. सहाव्या वेळी चारही मिनिटं नीट गेली. सरांच्या बुशशर्टची पाठ घामाने भिजली होती. नोव्हेंबरात.

टेप मागे फिरवून ऐकली. तीन सूर जड पायांनी सुरू होत होते आणि कळेल न कळेल असे वर येत होते. या वेळी मी स्टॉपवॉच लावलं नाही.

"आता बेसूर नाही ना?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

सोमवारी पार्सल रजिस्टर केलं. बॅटरी पहिल्या ट्रकने लाखनीला गेली. दहा दिवस काही कळलं नाही. मग तार आली. "जुळलं. काही कापत नाही. कर्णिक."

मागून पत्र आलं. त्यात विचारलं होतं की टायटलमध्ये माझं नाव कसं लिहायचं, नलिनी लांजेवार की नुसतं लांजेवार. नावाच्या आधी त्यांनी 'संगीत' असं लिहिलं होतं. मी पूर्ण नाव कळवलं, आणि त्याच्या वर गिरजाबाई व सात जणींची नावं घालायला सांगितली. सातांपैकी दोन नावं त्यांनी चुकीची छापली.

उन्हाळ्यात फिल्म आसगावला दाखवली. शाळेच्या खोलीत, खिडक्यांना गोणपाट लावून. गिरजाबाई पुढे बसल्या होत्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "खालून कोणी तरी जोर लावून राहिलं होतं. तूच का ते?"

"हो."

"आठवी बाई कमी पडली होती त्या दिवशी, बिमार होती. उभी राहिली, पण आवाज नोता. तुहा आवाज तिच्या जागी बरा वाटला."

मला आजवर मिळालेल्या शेऱ्यांत हा सर्वांत वरचा आहे.

कर्णिकांनी मला पुढे आणखी सहा फिल्म दिल्या. ऐंशीच्या दशकात बटणांचे तयार कीबोर्ड आले आणि मीही एक घेतला. कामं भराभर होऊ लागली. पण दर नव्या कामाला मी आधी कीबोर्ड उघडत नाही. फिल्म ज्यांची आहे त्या माणसांकडे जाऊन एक दिवस बसते, ती हाताने काय करतात ते बघते. निर्मात्यांना हा वेळ वाया वाटतो. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. बिलात तो दिवस 'मोजमाप' म्हणून लावते.