लंगडणारा लूम

कारखान्यातलं कसब माणसामाणसांत कसं घडतं, यावर मी संशोधन करत होते. त्यासाठी नारपोलीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात प्रश्नावली घेऊन गेले. तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींना आयुष्यभराच्या खडखडाटाने ऐकू येईनासं झालं होतं. ते ओठ वाचून बोलणं समजून घेत.

"लूम बिघडणार, हे तुम्हाला आधीच कसं कळतं?" मी विचारलं.

"ते सांगता येत न्हाय," म्हणत त्यांनी माझा तळहात एका चालू लूमच्या सांगाड्यावर ठेवला. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. पहिल्या दोन्हींवर मला नुसती थरथर जाणवली. तिसऱ्यावर मी नकळत म्हणाले, "हा लंगडतोय."

मिस्त्री थबकले. स्वतःचा हात टेकवून, डोळे मिटून उभे राहिले.

"लंगडतंयच! इतकी वर्सं हाताला कळत व्हतं, पन त्याला शबद नव्हता."

त्यांनी लूम बंद करून एक ढिला बोल्ट आवळला आणि शेजारच्या विणकराला ओरडून सांगितलं, "ये लंगडा रहा था!"

विणकराने आपल्या लूमवर हात ठेवला. "मेरा तो हाँफ रहा है, चाचा." त्याचा लूम धापा टाकत होता.

मी इथे तयार ज्ञान टिपून घ्यायला आले होते, आणि ते आम्हा तिघांच्या बोलण्यातून डोळ्यांदेखत घडत होतं. प्रश्नावली पिशवीत टाकून मी पुढच्या लूमवर हात ठेवला.