एका मिनिटाचा उशीर

आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात चांदवडच्या कांद्यांची मापं येतात. त्यातली भलतीच मापं शोधून उडवणं हे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या काकांचं काम. प्रत्येक माप मध्यकापासून किती दूर आहे ते सॉफ्टवेअर बघतं, त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढतं आणि त्याने भागून सांगतं, कोण फार लांब गेलंय. हौस म्हणून त्यांनी आमच्या हजेरीच्या वेळाही त्यात घातल्यात.

ते स्वतः रोज नऊ दहाला येतात, म्हणजे त्यांचा नेहमीचा फरक शून्य. परवा लिफ्ट अडकली आणि नऊ अकरा झाले. सॉफ्टवेअरने त्या एका मिनिटाला शून्याने भागलं. त्यांच्या नावापुढे उत्तर आलं, अनंत.

मी पाऊण तास उशिरा पोचलो, तेव्हा ते डबा पिशवीत भरत होते.

“मी नमुन्यात बसत नाही,” चष्मा पुसत ते म्हणाले. “मला काढावं लागेल.”

“अहो, एका मिनिटासाठी? मी बघा किती वाजता येतोय.”

त्यांनी माझी ओळ तपासली. “तुम्ही नेहमीसारखेच आहात.”

रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘अनंत’ लिहून ते घरी गेले.

त्यांच्या जागी बसून दिवसभर मी कांद्यांची मापं तपासली. एकही उडवायला हात धजेना.