लख्ख फरशीवर अनवाणी

आज ऊन चांगलं पडलं म्हणून कारभारणीच्या चपला ओट्यावर काढल्या आणि त्यांना एरंडेल चोळलं. चामडं तापलं की त्याला एक वास सुटतो, तेलाचा, धुळीचा, आणि तिच्या पायांचा. तिच्या माहेरी, औंधला यमाईच्या यात्रेत घेतलेली ही जोडी. ती गेली तेव्हा बाराव्याला चारजण म्हणाले, चप्पल-छत्री दान देऊन टाका. मी म्हटलं, छत्री न्या, चपलांना हात लावाल तर बघा. पोरगा अजून तोंड वाकडं करतो, “आबा, तो कचरा कशाला सांभाळताय?” कचरा म्हणे.

पुणं दाखवतो, असं तोच म्हणाला होता. माझा जन्म कुपवाडच्या कारखान्यात लोखंड तासण्यात गेला, शाळा चौथीपर्यंत. तिला माहेर आणि सांगली सोडून तिसरं गाव ठाऊक नव्हतं. तिला पर्वती बघायची होती, बास. लहानपणी कुणीतरी पर्वतीवरून सगळं पुणं कसं दिसतं ते तिला सांगितलेलं, ते तिनं इतकी वर्षं पदराला गाठ मारून ठेवलेलं. पहाटे उठून दशम्या केल्या, ठेवणीतलं लुगडं नेसली. आणि पुण्यात शिरल्यावर पोरगा गाडीत म्हणतो, “आई, पर्वतीला पार्किंगची बोंब असते. तुला त्याच्यापेक्षा भारी दाखवतो.” भारी म्हणजे काय, तर मॉल! थोरामोठ्यांच्या गावात जाऊन आम्ही दुकानं बघितली.

काचेचं दार आपोआप उघडलं. आत गारवा, कसला तरी उंची वास, आणि फरशी अशी की वाकलं तर तोंड दिसावं. तिचे पाय दारातच थांबले. “आवं, चपला काढा. कुनीतरी बाईनं एवढी लख्ख पुसलीया.” देऊळ नाही हे तिला कळत होतं. जन्मभर जमीन सारवलेल्या बाईला पुसणारीचे हात दिसले, एवढंच. तिनं काढल्या, ती म्हणाली म्हणून मी बी काढल्या. सूनबाई तोंडावर हात ठेवून हसायला लागली. पोरानं मोबाइल पुढं केला. “आई, इकडं बघ, चपला वर धर!” तिनं धरल्या, तिला वाटलं, फोटो काढतोय. मोबाइल चालूच होता; सरकत्या जिन्यापाशी थबकून ती म्हणाली, “ही पायरी कुठं पळाय लागलीया? थांब म्हनावं तिला, आमी म्हातारी मानसं हाय.” परत हशा. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ भावकीत घरोघर पोचला. पुढं कुठल्याबी लग्नात गेलं की कुणीतरी विचारायचं, “काकू, चपला पायात का हातात?” ती हसून सोडून द्यायची. मी सोडत नव्हतो. “तुजी आय काय फरशीवरनं चालत सासरला आली व्हय रं?” म्हणायचो.

पुण्याला ती दुसऱ्यांदा गेली ती दवाखान्यात. तसंच काचेचं दार, तशीच फरशी. मला धरून चालत होती. दारात थांबली, पोराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “हितं काढायच्या का न्हाई रं? तू सांग. परत हसतील.” पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. ऐकलं नाही, का ऐकून गप्प बसला, देव जाणे. मी म्हटलं, “तुला वाटंल तसं कर. हसनाऱ्याचं थोबाड फोडतो मी.” तिनं काढल्या. मी उचलून पिशवीत घातल्या. त्या पिशवीतनंच घरी आल्या.

काळ गेला की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि निवावा असं मला वाटत बी नाही. परवा पोरगा म्हणाला, “आबा, एवढा राग येतो तर तो व्हिडिओ पुसून टाकतो.” मी फोन हिसकावून घेतला आणि तो व्हिडिओ माझ्या फोनात घालायला लावला. भिंतीवरचा तिचा फोटो मुका आहे; आवाज तेवढा त्या व्हिडिओतच उरलाय. घरात कुणी नसलं की लावतो, कान फोनला चिकटवून ऐकतो. “आमी म्हातारी मानसं...” तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच यांचं हसणं सुरू होतं आणि शेवटचा शब्द त्याखाली बुडतो. तिथं आलं की मी फोन बंद करतो, आणि तेवढा एक शब्द तिच्यासाठी मोठ्यानं म्हणतो. हाय.