स्टेअरिंगची थरथर

आमच्या ह्यांनी जन्मभर कारखान्यात लेथ चालवली आणि रिटायर होताच एक जुनी स्पोर्ट्‌स कार दारात आणून उभी केली. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरंच. गॅरेजवाल्याला हात लावू देतील तर शपथ. ब्रेकमधली हवा काढायची म्हणजे हे गाडीखाली आडवे आणि मी पेडलवर. "दाब. धरून ठेव. आता सोड." तोवर माझी भाजी करपलेली.

ब्रेक झाले, मग स्टेअरिंगचं तुणतुणं सुरू झालं. सांधे बदलले, चाकं वळवणारा रॅक बदलला, चाकं दोनदा बॅलन्स केली. तरी ह्यांचं आपलं एकच, "अजून थरथरतंय."

शेवटी मी वैतागले. "सरका तिकडे, मी बघते." गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. स्टेअरिंग अगदी स्थिर होतं. शेजारी ह्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि थरथरत होते. ह्यांनीही ते पाहिलं. मी समोर बघत राहिले.

गाडी दारात लावली, तेव्हा हे म्हणाले, "तुझे पाय पेडलला नीट पोचत नाहीत."

पाना आणून ह्यांनी ड्रायव्हरची सीट माझ्या मापाने पुढे घेतली. बोल्ट मात्र मला आवळायला लावले.