इराण्याच्या हॉटेलात आई

दाट दुधाच्या चहाचा वास आला की मला निजामाच्या काळातलं औरंगाबाद आठवतं. मी नऊ वर्षांची होते; गंगापूरहून आम्ही तिथल्या दवाखान्यात आलो होतो. दवाखान्यातून निघताना आईला भुकेनं चक्कर आली. वडील म्हणाले, “घरी जाऊन खाऊ. बायकांनी हाटेलात बसायचं नसतं.” आई सरळ समोरच्या इराण्याच्या हॉटेलात शिरली. म्हाताऱ्या मालकानं कोपऱ्यातला पडदा सरकवला, “आओ बहन, आराम से बैठो.” आईनं बिस्किट चहात बुडवलं आणि दारात घुटमळणाऱ्या वडिलांना म्हणाली, “या की, चहा निवतोय.” ते मान खाली घालून आत आले. गंगापूरला घरी पोचल्यावर आजीनं विचारलं, “दिवसभर उपाशीच होता व्हय?” वडील म्हणाले, “नाय, हाटेलात खाल्लं. मीच नेलं तिला.” त्यांच्या तोंडचं तेवढं एक खोटं मला या वयातही फार आवडतं.